वहिनी मेक्सिकन, तिकडे घरात भीती, मी इथे मुंबईत... नक्की काय करू शकते?

मुलुंडची_रात्रपाळी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते, ते पण रात्रपाळीच्या ब्रेकमध्ये. आज विचारायचंय आणि जरा लांबणारे, त्यामुळे चहा घेऊन बसा.

माझा दादा २०११ पासून लॉस एंजेलिसच्या बाजूला असतो, ग्रीन कार्ड आहे. वहिनी जन्माने अमेरिकन पण घर मेक्सिकन, आईवडील हालिस्कोचे. तिच्या वडलांना १९८६ च्या कायद्यात तिथे राहायचे कागद मिळाले (तेव्हा सत्तावीस लाखाच्या आसपास लोकांना मिळालेले म्हणे), पण वहिनीचा मामा नंतर आला त्यामुळे तो राहिला तो राहिलाच. चोवीस वर्षं. कार वॉशला गाड्या पुसायचा. २०२५ च्या जूनमध्ये तिकडे कागद नसलेल्यांना पकडायच्या धाडी सुरू झाल्या ना, तेव्हा त्याला कामावरूनच उचलला, अंगावर तो रबरी एप्रन तसाच. आता तो हालिस्कोत आहे आणि त्याची बायको नि बारा वर्षांचा मुलगा वहिनीच्या आईकडे राहतायत.

वहिनी स्वतः नागरिक, तरी भाजी आणायला जाताना पर्समध्ये पासपोर्ट ठेवते. रात्री झोप नाही. मधेच छातीत धडधड, हाताला मुंग्या, मग रडू फुटतं. डॉक्टरने ईसीजी काढला, नॉर्मल आला. तिची आई म्हणते 'नेर्व्हिओस' झालेत, म्हणजे घाबरेपणाचा त्रास, कॅमोमाइलचा चहा पी आणि रोझरी म्हण. माझी आई म्हणते रामरक्षा म्हण आणि गरम दूध पी. दोघी एकमेकींना आयुष्यात एकदाच भेटल्यात, लग्नात, पण उपाय बघा.

आता माझ्या घरचा पराक्रम. आईने चांगल्या मनाने, खरंच चांगल्या मनाने, आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकलं की सुनेच्या मामांवर संकट आलंय सगळ्यांनी रामरक्षा म्हणा. झालं. दहा मिनिटांत मावशी, "म्हणजे बेकायदेशीर राहत होते का गं?" मग एका काकांनी कुठलातरी व्हिडिओ फॉरवर्ड केला, मग कोणीतरी विचारलं की दादाच्या ग्रीन कार्डाला धोका नाही ना, आणि एकाने नुसता हात जोडलेला इमोजी. दादाने सगळं वाचलं, एक शब्द न बोलता ग्रुप सोडला. तेव्हापासून फोन केला की "हो, ठीक आहोत, जेवलीस का" आणि बास.

आणि वर आमचं ऑफिस. मालाडला, क्लायंट अमेरिकन, त्यामुळे १५ सप्टेंबरपासून हिस्पॅनिक हेरिटेज मंथ साजरा. कँटीनमध्ये नाचोज, कोपऱ्यात फोटो काढायला ती मोठी टोपी आणि चिकटवायच्या मिशा. एचआर म्हणे लॅटिनो कम्युनिटीला सपोर्ट म्हणून सगळ्यांनी फोटो काढायचा. मी टोपी घातली, मिशी लावली, हसले पण. मग वॉशरूममध्ये जाऊन ती मिशी काढताना इतकं कसंतरी झालं की सांगता येत नाही. तिकडे मिशीवाला खरा माणूस उचलून नेला आणि मी इथे त्याच्या मिशा लावून सपोर्ट करतेय.

तर प्रश्न हा की इथून, एवढ्या लांबून, मी वहिनीसाठी आणि दादासाठी काय करू जे उपयोगाचं असेल? पैसे पाठवायचं विचारलं तर दादा चिडला. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

खडूस_दादरकर

वाईट वाटलं वाचून. पण खरं बोलू का, राग मानू नकोस, कागद नसताना राहिलं की कधीतरी पकडणारच, आपल्याकडे तरी बाहेरून आलेल्यांना कोण ओवाळतं. आणि चौदा हजार किलोमीटरवरून तू काय करणार? देवाचं नाव घे आणि आपली नोकरी सांभाळ. आईने रामरक्षा सांगितली त्यात चूक काय तेही कळलं नाही.

बाकी लॅटिनो म्हणजे नक्की कोण ते पण कोणीतरी सांगा, मला वाटायचं सगळे मेक्सिकनच.

लालबागचा_पोरगा

खडूसकाका, कागदाचं काय ते तिकडचं कोर्ट बघेल. तिने विचारलंय वहिनीला झोप कशी लागेल.

ताई, मला अमेरिकेतलं काही कळत नाही, पासपोर्ट पण नाहीये. पण दाराला घाबरणारा माणूस मी घरात बघितलाय म्हणून लिहितो. बाबा गिरणीत, साच्यावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. अडीच लाख माणसं घरी बसली. पहिले काही महिने बाबा एकदम जोरात, मोर्चा, सभा, घोषणा. मग हळूहळू आवाज गेला. खरंच सांगतो, घरातला त्यांचा आवाजच गेला. उधारी झालेली, सावकाराचा माणूस यायचा आणि कडी वाजवायचा. कडी वाजली की बाबा मोरीत जायचे, नळ सोडायचे आणि भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. आई दारात सांगायची आंघोळ करतायत. दिवसाला चार चार आंघोळी व्हायच्या बाबांच्या. नळाला पाणी नसलं तरी.

आमच्या मजल्यावर एक नाना होते, त्यांची पण गिरणी बंद, त्यांची पण तीच गत. ते रोज साडेपाचला यायचे आणि कडी वाजवायचे नाहीत. गॅलरीतून शीळ घालायचे. बाबा शीळ ऐकून बाहेर यायचे. दोघं खाली नाक्यावर, एक कटिंग दोघांत. बोलायचे काय तर कोणाच्या भजनाची बारी रंगली, कोणाचा आकडा लागला. संपाचं अक्षर नाही. हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. नानांना कोणी सांगितलं नव्हतं की कडी वाजवू नका, त्यांच्या त्यांनाच कळलं होतं.

तर माझं एवढंच म्हणणं की वहिनीला कडी कशाची ऐकू येते ते बघ. अचानक फोन वाजला की दचकत असेल तर आधी एक साधा मेसेज टाकून मग फोन कर. आणि दर वेळी मामाचं काय झालं, मामाचं काय झालं विचारू नकोस, ते विचारणारे तिला तिथे पन्नास जण असतील.

परळ_ओपीडी

वरची पोस्ट वाचून दोन मिनिटं गप्प बसले.

मी डॉक्टर नाही, पालिकेच्या हॉस्पिटलात सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, एकोणीस वर्षं. फोनवर निदान करत नाही, पण काही गोष्टी सांगते.

'नेर्व्हिओस' हा शब्द वहिनीच्या आईने वापरला तो हसण्यावारी नेऊ नकोस. लॅटिन अमेरिकेत खूप जुना शब्द आहे आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांचं जे मोठं पुस्तक आहे डीएसएम, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत तो छापलाय. 'आताके दे नेर्व्हिओस' पण आहे, म्हणजे एकदम झटका येऊन थरथर, रडणं, ओरडणं, छातीत उष्णता चढणं. त्याच यादीत आपल्याकडचा 'धात' (वीर्य जाऊन अंगातली ताकद गेली असं वाटणं) पण आहे. आमच्या ओपीडीत तरी कोण येऊन म्हणतं मला डिप्रेशन आहे? बाया म्हणतात पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, डोक्यात भुगा होतो, जीव घाबरा होतो. पुरुष म्हणतात ॲसिडिटी. मग तिथूनच सुरुवात करायची, शरीरापासून. "झोप किती वाजता मोडली?" "काल काही खाल्लंस का?" असल्या प्रश्नांना माणूस उत्तर देतो. "तुला कसं वाटतंय?" ला "ठीक" एवढंच येतं, मला पण तेच येतं.

दुसरं म्हणजे तिला "काही होणार नाही, घाबरू नकोस" म्हणू नका. तिची भीती मनाचे खेळ नाहीयेत, तिच्या मामाच्या बाबतीत ते झालंय. खोटा धीर दिला की माणसाला वाटतं याला माझं कळलेलंच नाही आणि पुढच्या वेळी तो सांगतच नाही. "घाबरण्यासारखंच आहे गं हे" एवढं वाक्य पुरतं, पुढे काही जोडायची गरज नाही.

पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, बाहेर पडणं बंद, हे चालू असेल तर कोणाला तरी दाखवायला हवं, ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सगळं ठीक असं नाही. आणि कधी ती म्हणाली की जगण्यात अर्थ नाही वगैरे, तर घाबरून विषय बदलू नकोस, सरळ विचार की मरायचे विचार येतात का. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. तिकडे ९८८ नंबर आहे, चोवीस तास, फोन केला आणि २ दाबलं की स्पॅनिशमध्ये बोलतात. 'आयुदा' (AYUDA), म्हणजे मदत, हा स्पॅनिश शब्द ९८८ ला मेसेज केला तरी स्पॅनिशमध्ये उत्तर येतं. वहिनीला इंग्रजी येत असेल, पण तिच्या आईला आणि मामीला लागेल.

अजून एक, तो बारा वर्षांचा मुलगा. मामीला इंग्रजी येत नसेल तर दवाखान्यात दुभाषाचं काम बहुतेक तोच करत असेल. माझ्या टेबलासमोर असे कितीतरी येतात. परवाच एक तेलुगू बाई आली, बरोबर दहा वर्षांचा मुलगा, आणि तो मला हिंदीत सांगतोय की मम्मी बोलती है उसको मरना है. आणि मग माझ्याकडे बघतोय की मी काय बोलते. मुलाला हे काम देऊ नका. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी दुभाषा फुकट द्यावा असा नियम आहे, मागायला लागतो एवढंच. दादाला सांग, ते मागणं त्याचं काम.

आणि रात्रपाळीवाल्या बाई, तुमची झोप कशीय? इथे १४४१६ आहे, टेली मानस, फुकट, मराठीत बोलतात. वहिनीसाठी सांगत नाहीये.

परत_आलेला_गोरेगावकर

चौदा वर्षं कॅलिफोर्निया करून २०१९ ला परत आलो, त्यामुळे थोडं व्यवहाराचं बोलतो, मनाचं वरच्या ताईंनी सांगितलंच आहे.

आधी खडूसकाकांचं. हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेशी नातं असलेले, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेतले. त्यामुळे ब्राझीलवाला लॅटिनो पण हिस्पॅनिक नाही, तो पोर्तुगीज बोलतो, आणि स्पेनवाला उलटा. मेक्सिकन सगळ्यात जास्त, पण साल्वादोर, ग्वाटेमाला, क्युबा, कोलंबिया, सगळे वेगवेगळे, एकमेकांचं जेवण पण पटत नाही त्यांना. पोर्तो रिकोवाले तर १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकच आहेत, तरी त्यांना लोक विचारतात कुठून आलात. २०२० च्या जनगणनेत सहा कोटी एकवीस लाख, म्हणजे पाचात जवळपास एक. आणि त्यातले बहुसंख्य नागरिक किंवा कागदवाले. पण एकाच घरात आजीकडे ग्रीन कार्ड, आई नागरिक, मामाकडे काहीच नाही असं असतं, त्यामुळे भीती एकाची राहत नाही, अख्ख्या घराची होते.

१५ सप्टेंबर पण टोपी घालायला निवडलेला नाहीये. ग्वाटेमाला, साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका या पाच देशांचा तो स्वातंत्र्यदिन, दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा. १९६८ मध्ये आठवडा म्हणून सुरू झालं, १९८८ मध्ये महिना झाला. तुझ्या एचआरला फॉरवर्ड कर हवं तर.

आता महत्त्वाचं. दादाला विचार की त्यांनी वकील गाठलाय की 'नोतारिओ'. हा भयंकर घोटाळा आहे. मेक्सिकोत नोतारिओ पुब्लिको म्हणजे मोठा कायदेपंडित माणूस, वकिलाच्या वरचा. अमेरिकेत नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर छत्री लावून शिक्के मारतो तेवढाच. बोर्डावर स्पॅनिशमध्ये नोतारिओ लिहितात आणि हे बिचारे घाबरलेले लोक विश्वासाने हजारो डॉलर देतात, तो चुकीचा अर्ज भरतो आणि केस कायमची बिघडते. माझ्या शेजाऱ्याचं झालं होतं, माळीकाम करायचा, तीन वर्षांची बचत गेली. मला तेव्हा फरक माहीतच नव्हता, मी उलट त्याला म्हणालो की नोटरी आहे ना, मग चांगलंय. अजून टोचतं.

मामीचं पण बघा. तिच्याकडे कागद नसतील तर मुलाचं काय हे आज ठरवून ठेवायला हवं. कॅलिफोर्नियात एक साधं प्रतिज्ञापत्र असतं, त्याने जवळचा नातेवाईक मुलाला शाळेत घालू शकतो, डॉक्टरकडे नेऊ शकतो. फॉर्म लहानसा आहे, पण भरला की घरातली हवा बदलते, कारण रात्री तीन वाजता डोक्यात जे फिरत असतं त्यातल्या एका प्रश्नाला तरी उत्तर मिळतं. लाल कार्ड पण असतात, त्यावर दोन भाषांत हक्क छापलेले, दारावर कोणी आलं तर काय बोलायचं आणि काय नाही. वहिनीच्या घरी असतीलच.

आणि तुम्ही लोक व्हॉट्सॅपवर मामाचं नाव, मामीचा पत्ता असलं काहीही टाकू नका. आईला प्रेमाने सांग.

मुलुंडची_रात्रपाळी

ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून वाचतेय आणि नाक पुसतेय, समोरच्या मुलीला वाटतंय माझं ब्रेकअप झालंय.

लालबागवाले दादा, थँक्यू. तुमच्या बाबांचं वाचून मला माझा दादा आठवला, बाथरूममध्येच जाऊन बसतो तो पण, वहिनी म्हणाली एकदा. मला वाटलं फोन बघत असेल.

वकीलच आहे, विचारलं. प्रतिज्ञापत्राचं माहीत नव्हतं त्यांना, आता बघतायत. पण दादा माझ्याशी बोलतच नाही हो. वहिनी निदान रडते तरी. त्याचं म्हणजे सासरचे सगळे त्याच्याकडे बघतायत, इंग्रजीतले सगळे फोन तोच करतो, मामीच्या मुलाला शाळेत तोच सोडतो, आणि इकडे आईला "ठीक आहे". ग्रुपच्या प्रकारानंतर तर कुलूपच लागलंय.

ओला_काय_म्हणता

मी स्पॅनिश शिकवते, पार्ल्यात, घरीच क्लास. तुझी पोस्ट वाचून दोन दिवस डोक्यात हेच फिरतंय की पहिल्या दिवशी मी विद्यार्थ्यांना गंमत म्हणून जे शब्द सांगते ते गंमतीचे नाहीचयेत.

'एल के दिरान' म्हणून एक शब्द आहे. सरळ अर्थ काय तर 'ते काय म्हणतील'. आपलं लोक काय म्हणतील, अख्खंच्या अख्खं, आणि ते त्याला नाम म्हणून वापरतात, म्हणजे घरात ती एक वस्तूच असते फ्रीजसारखी. दुसरी म्हण, 'ला रोपा सूसिया से लावा एन कासा', मळके कपडे घरातच धुवायचे. आपली झाकली मूठ. आता तूच सांग, तुमच्या ग्रुपवर त्यांचे मळके कपडे वाळत घातले गेले. वहिनीच्या दृष्टीने काय झालं असेल. आई चुकली असं नाही म्हणत, माझी आई पण हेच करेल, वर स्तोत्राची ऑडिओ क्लिप पण टाकेल.

आणि 'आग्वांतार'. सोसणं, कळ काढणं. आयांकडून लेकींना मिळतो हा शब्द, दागिन्यासारखा. उदास माणसाला म्हणतात 'एचाले गानास', म्हणजे जोर लाव, मन घट्ट कर. बोलणाऱ्याला वाटतं आपण धीर दिला, ऐकणाऱ्याला ऐकू येतं की तू पुरेसा जोर लावत नाहीयेस.

पण माझा सगळ्यात आवडता शब्द 'देसाओगार्से'. 'आओगार्से' म्हणजे बुडणं, नाकातोंडात पाणी जाणं. त्याच्या उलट ते देसाओगार्से, म्हणजे मनातलं सगळं बोलून मोकळं होणं. वहिनीला मेसेज करायचाच असेल तर इंग्रजीत "हाऊ आर यू" नको. स्पॅनिशमध्ये एवढंच लिही, 'आकी एस्तोय', मी इथे आहे. उच्चार चुकला तर चुकू दे, हसेल तरी.

परळ_ओपीडी

दादाबद्दल. सगळ्यांचे फोन करणारा माणूस असतो ना, त्याला कोणी फोन करत नाही. त्याला बोलतं करायचा प्रयत्न करू नकोस, त्याला शेजारी बसवून घे. मॅच बघता का तुम्ही? रविवारी फायनल आहे.

खडूस_दादरकर

सगळं वाचलं. पहिली पोस्ट जरा जास्तच झाली माझी, मान्य. आमचे वडील पण कोकणातून आलेले, चार वर्षं खानावळीच्या वरच्या माळ्यावर झोपत होते, रेशन कार्ड नव्हतं. असो.

एक माहिती टाकतो, उपयोगाची नाही पण तुझ्या आईला आवडेल. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांमुळे देशात येता येईना म्हणून मेक्सिकोत राहिले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्याच्या जातींवर मोठं काम केलं. तिकडचा मोठा चित्रकार दिएगो रिवेरा, त्याने त्यांना भिंतीवरच्या चित्रात काढलंय, मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या इमारतीत आहे ते. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा पण उभा राहिला. म्हणजे एका परागंदा मराठी माणसाला त्या लोकांनी ठेवून घेतलं होतं. कागद किती विचारले माहीत नाही.

मुलुंडची_रात्रपाळी

दोन आठवड्यांनी अपडेट देतेय, कोणी वाट बघत असेल तर सॉरी.

मॅच बघितली. आशिया कपची फायनल, आपल्याकडे रात्री आठ, दादाकडे रविवारी सकाळी साडेसात. मी नुसतं लिहिलं "लावलीस का" आणि व्हिडिओ कॉल चालू ठेवून फोन टीव्हीला टेकवला. पहिल्या डावात तो फक्त शिव्या देत होता. आपल्या तीन विकेट झटपट पडल्या तेव्हा तर दोघंही गप्पच. मग तिलक वर्मा खेळायला लागला आणि कुठल्यातरी ओव्हरच्या मधे, स्क्रीनकडे बघतच, दादा म्हणाला की मी रोज गाडी सुरू करायच्या आधी पाच मिनिटं नुसता बसतो, पाय हलत नाही. मी म्हटलं हं. तो म्हणाला हं. मग सिक्स गेला. एवढंच. पण जिंकल्यावर फोन ठेवताना म्हणाला, पुढच्या रविवारी कर. कंपनीतून थेरपिस्टची सहा सेशन फुकट मिळतात म्हणे त्याला, कधीपासून माहीत होतं, आता घेतलंय पहिलं. तो गुजराती निघाला, दादा म्हणतो निदान टेन्शन हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

वहिनीला 'आकी एस्तोय' पाठवलं. तिचा रिप्लाय आला तो पाच मिनिटांचा व्हॉइस नोट, अर्धा स्पॅनिश, मला कळला नाही, तरी पूर्ण ऐकला. आता आमचं ठरलंय, माझी शिफ्ट साडेतीनला सुटते, तिकडे दुपारचे तीन, ती मुलाला शाळेतून घ्यायला गाडी लावून थांबलेली असते. कॅबमध्ये बसले की मी आधी एक ठिपका पाठवते. तिने ठिपका पाठवला तरच फोन. (लालबागवाले, ही तुमच्या नानांची शीळ.) परवा ती गोरेगावपासून पवईपर्यंत रडली. मी काही बोलले नाही, ड्रायव्हरने आपणहून रेडिओ बंद केला. शेवटी म्हणाली की रात्री दोनला उठून ती तव्यावर एकटीच तोर्तिया भाजत बसते, झोप येत नाही तर काय करणार. त्या तव्याला ते कोमाल म्हणतात. मी म्हटलं आमच्याकडे आई टेन्शनमध्ये भाकऱ्या बडवते, डबाभर, खाणारी माणसं तीन. तेव्हा हसली. क्लिनिकमध्ये पण नाव नोंदवलंय तिने, मामीसाठी दुभाषा मिळाला, मुलगा बाहेर बसून गेम खेळला.

आईशी बोलले. ग्रुपवर काय लिहिलं ते डिलीट करता येत नव्हतं एवढ्या दिवसांनी, तर म्हणाली मग मी काय करू. दोन दिवस घुम्यासारखी होती. मग स्वतःच म्हणाली की विहिणींना फोन लावून दे. भाषा कुठली म्हणून विचारलं तर म्हणे बघू. तर ह्या रविवारी दोघी व्हिडिओ कॉलवर स्वयंपाक करणारेत. त्या तामालेस करणार, मक्याच्या पानात पीठ गुंडाळून वाफवतात ते. आई म्हणाली मग मी पातोळ्या करते, पानात गुंडाळून वाफवायचं आम्हाला पण येतं म्हणावं. चिडून नाही, पण थोडी चढाओढ आहेच.

आता अडचण अशी की हळदीची पानं मुलुंडच्या मार्केटात संपलीत, भाजीवाली म्हणते गणपतीनंतर कशाला आणू. दादरला अजून मिळतायत का कोणी सांगेल का? खडूसकाका, तुम्हीच तिथले, शनिवारपर्यंत बघाल का जरा?